धुळीच्या दिवशी सोडलेला रोजा

सिसिलीतल्या मात्साराच्या बंदरात लिबोरियो इंगार्जोलाला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्याच्या प्रश्नांना कंटाळला नाही असा तर त्याहून कठीण. 'अस्सुंता' नावाच्या कोळंबीच्या ट्रॉलरवर तो स्वयंपाकी होता. तरुणपणी तो जाळं ओढायचा. एकदा जाळं वर खेचणाऱ्या यंत्राच्या, विंचच्या दोरात डावा हात सापडला, बोटं आखडली ती कायमची, आणि त्या वेळच्या कप्तानाने त्याला चुलीपाशी नेऊन उभं केलं. आपलं समुद्रावरचं आयुष्य संपलं, असं त्याला वाटलं होतं. झालं उलटंच. जाळ्याशी असताना बोलायला उसंत नसे. चुलीपाशी मात्र सगळे येऊन टेकत, आणि टेकलेल्या माणसाला काहीही विचारता येतं.

विचारायला माणसंही तशीच मिळाली. अस्सुंतावर निम्मे लोक मात्साराचे आणि निम्मे समुद्रापलीकडच्या महदियाचे. महदियाची ही ट्युनिशियन मंडळी मात्साराच्या कसब्यात, म्हणजे जुन्या अरबी वस्तीत, बायकापोरांसह राहून दोन पिढ्या झाल्या होत्या. बोटीवर जी भाषा चाले ती धड सिसिलीची नव्हती आणि धड अरबीही नव्हती. तरुण खलाशी लिबोरियोला 'झु लिबो' म्हणत आणि जाळ्यावरच्या मुख्य माणसाला, मोंजीला, 'अम्म मोंजी'. दोन्हींचा अर्थ काकाच. हे दोघे काका एकमेकांना मात्र नुसतं लिबो आणि मोंजी म्हणत, आणि दिवसातून एकदा तरी एकमेकांची खोडी काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

मोंजी उंच, सावळा, कमी बोलणारा. हसायचा तर तेही डोळ्यांनीच. लिबो त्याला काय काय विचारी. रोज्यात थुंकी गिळली तर चालते का? अंगावर समुद्राचं पाणी उडून ओठ खारट झाले तर? स्वप्नात जेवलं तर? मोंजी काही प्रश्नांना उत्तर देई, काहींना नुसतीच मान हलवी. कधी तो उलटा डाव टाकी.

"तुमच्या ईस्टरआधीच्या उपासात मटण नाही, मासे चालतात," तो म्हणे. "लिबो, तू तर जन्मभर मासेच खातोस. तुला उपास लागला हे कळतं तरी कसं?"

"निन्फाचं तोंड उतरतं त्यावरून," लिबो म्हणे. निन्फा त्याची बायको.

रमझानच्या महिन्यात बोटीचं वेळापत्रकच बदलून जाई. संध्याकाळचं मुख्य जेवण सूर्य बुडेपर्यंत थांबवलं जाई, आणि मात्साराचे खलाशीही कुरकुर न करता थांबत, कारण त्या महिन्यात लिबोचा स्वयंपाक वर्षातला सगळ्यात चांगला असे. खजूर, मग टोमॅटो आणि भरडलेल्या हिरव्या गव्हाचा, माशाचं डोकं घातलेला शोरबा, आणि शुक्रवारी वाफवलेल्या रव्याची कुसकुस. रोज्यात असलेल्यांना मीठ चाखता येत नाही, म्हणून सगळ्यांच्या वतीने लिबो चाखी आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

विंचच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून सूर्य बुडाला की तो चुलीपाशी उभा राहून पातेल्याच्या झाकणावर पळी वाजवी. हे पहिल्यांदा केव्हा सुरू झालं ते कुणालाच नक्की आठवत नव्हतं. पण झाकण वाजलं की रोजा सुटला, हा अस्सुंतावरचा कायदाच होऊन बसला होता. मोंजी वायरलेसवर दुसऱ्या बोटींना सांगे, "आमच्या बोटीवर बांग देणारा बाप्तिस्मा घेतलेला आहे." ते ऐकून लिबो आतून फुलून जाई आणि वरून शिव्या देई.

त्या वर्षी रमझान वसंतात आला होता. मोंजीच्या बहिणीने महदियाहून रोज्याच्या वेळांचं छापील कार्ड पाठवलं होतं. लिबोने ते चुलीच्या वर, घड्याळाच्या शेजारी, खिळ्याला अडकवलं. हिवाळ्यात दोन्ही किनाऱ्यांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, त्यामुळे कार्ड आणि घड्याळ यांचं छान जमत होतं. मग मार्चअखेरचा रविवार आला. इटलीत त्या दिवशी घड्याळं एक तास पुढे करतात. पलीकडे करत नाहीत. कप्तान बाल्दोने नाश्त्याला आठवण करून दिली. सरकारने आपली तासाची झोप चोरली म्हणत लिबोने काटा फिरवला. कार्ड जिथल्या तिथे लटकत राहिलं. पुढचे काही दिवस आभाळ स्वच्छ होतं. सूर्य बुडताना सगळ्यांनाच दिसे, त्यामुळे कार्डाकडे बघायची कुणाला गरजच पडली नाही.

मग शिरोक्को सुटला.

वाळवंटाकडून येणारा हा वारा आला की समुद्रावर धूळ पसरते. त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ वांग्याच्या भरतासारखं झालं होतं. सूर्य कुठे आहे ते कळेना. डेकवर पाय टाकला की चरचर वाजे, दातांखाली रेती लागे. महदियाच्या रेडिओवर नुसती खरखर होती. जाळं दोनदा तळाला अडकलं होतं, माणसं घामाने आणि धुळीने चिखल झाली होती, आणि पाण्याचा थेंब न घेता हे सगळं करणाऱ्या मोंजीकडे लिबोला बघवत नव्हतं. त्याने शोरबा लवकर चढवला. अंधारून आल्यासारखं वाटत होतं. त्याने घड्याळ पाहिलं, कार्ड पाहिलं, दोन्ही जुळल्याची खात्री केली आणि झाकण वाजवलं.

सगळे आले. मोंजीने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला, वाडगा उचलला. शेदली नावाचा महदियाचा तरुण खलाशी दुसऱ्यांदा वाढून घेत होता. कुणीतरी वाऱ्याला शिवी दिली, कुणीतरी हसलं. तेवढ्यात वारा फिरला. पश्चिमेकडची धूळ पडद्यासारखी बाजूला झाली, आणि पाण्यापासून चांगला हातभर वर सूर्य दिसला. लालभडक, गोल, जणू मुद्दाम बघायला थांबलेला.

शेदलीचा चमचा तोंडाशीच राहिला. 

कप्तान बाल्दो आत येऊन घड्याळाकडे आणि कार्डाकडे आळीपाळीने बघत राहिला. घड्याळ तासभर पुढे गेलेलं, कार्ड मात्र पलीकडच्या जुन्याच वेळेचं, हा उजेड त्याच्या डोक्यात पडला तेव्हा तो हसला, पण दुसऱ्याच क्षणी त्याने हसू आवरलं. मोंजीने वाडगा खाली ठेवला. कडेला जाऊन चूळ भरली, हात धुतले आणि तो जाळं नीट करायला निघून गेला.

त्या रात्री लिबोला वाटलं, उद्या मोंजी आपल्याला फाडून खाईल. तो तयारच होता. त्याने उत्तरंही जुळवून ठेवली होती. पण मोंजीने काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतः नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला, सूर्य बुडताना पाहिला, खिशातले खजूर खाल्ले आणि नंतर डब्यातल्या माशाबरोबर पाव खाल्ला. पातेल्याकडे तो फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. सफर संपेपर्यंत तेच. लिबोने शुक्रवारची कुसकुस त्याच्यासाठी झाकून ठेवली. सकाळी ती तशीच होती. शेदली मात्र पोटभर जेवत होता आणि म्हणत होता, नकळत झालेल्या गोष्टीला अल्ला धरत नाही. लिबोने त्याला विचारलं, मग मोंजीला हे माहीत नाही का? शेदली म्हणाला, "अम्म मोंजींना सगळं माहीत आहे, झु लिबो. म्हणून तर मी त्यांना काही सांगायला जात नाही."

आणि लिबोला कोडं पडलं ते तिथून. चूक घड्याळाची, का कार्डाची, का झाकण वाजवणाऱ्याची? पाप असेल तर ते कुणाच्या नावावर? त्याला रोजा नव्हता, त्याचा मोडला नव्हता. पण दुसऱ्याचा त्याने मोडला होता, आणि असल्या गोष्टीसाठी कुठे जायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

बंदराला लागल्यावर कळलं की मोंजीने कप्तानाकडे पुढच्या सफरीसाठी नाही म्हटलं आहे. तो दुसऱ्या ट्रॉलरवर जाणार होता. हे कप्तानाने सहज सांगावं तसं सांगितलं. इतकी वर्षं चुलीच्या त्या बाजूला मोंजी टेकलेला असायचा. तो नसेल तर विचारायचं कुणाला?

तो आधी चर्चमध्ये गेला. फादर कालोजेरो हे तिथले पाद्री, म्हातारे आणि ऐकायला जरा कमी. लिबोला कबुलीच्या खोक्यात जाळीआडून सगळी हकीकत दोनदा सांगावी लागली, तीही मोठ्याने. मागे रांगेत बसलेल्या बायका माना वळवू लागल्या. पाद्रीबाबांनी विचारलं, मुद्दाम केलंस का? नाही. मग पाप नाही. लिबो म्हणाला, पण माणसं जेवली ना. पाद्रीबाबा म्हणाले की भुकेलेल्याला जेवू घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम आहे, आणि शिवाय तो उपास आपला नव्हे. घरी जा.

लिबो घरी गेला नाही. तो कसब्यात गेला. तिथे ट्युनिशियन मुलांना शिकवणारे तिजानी राहत; सगळे त्यांना आदराने सी तिजानी म्हणत. नमाजाच्या खोलीत पुढे उभे राहणारेही तेच. ईद होऊन गेली होती. सी तिजानींनी कॉफी आणि बदामाच्या वड्या पुढे केल्या आणि सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की ज्यांनी खाल्लं त्यांनी तो एक दिवस पुन्हा करायचा, एवढंच. तुमच्यावर काही नाही.

"मी त्याच्याऐवजी केला तर?"

"ज्याचा त्यानेच करायचा असतो."

"म्हणजे तुमच्याकडेही माझं काही नाही, आणि आमच्याकडेही नाही," लिबो म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क तक्रार होती.

सी तिजानींना हसू आलं, पण त्यांनाही एक गोष्ट कधीपासून विचारायची होती. शेजारधर्म म्हणून कुणाला विचारवली नव्हती. "एक सांगा झु लिबो, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यात माणूस पाद्रीसमोर चूक सांगतो आणि सुटतो. पण ज्याची चूक केली तो तर तिथे नसतो. मग त्याला कळतं कसं?"

 लहानपणापासून लिबो त्या जाळीशी गुडघे टेकत आला होता आणि हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो म्हणाला, "कळत नाही." मग कॉफी तशीच टाकून उठला.

मोंजीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. दार त्याच्या बायकोने, वसीलाने उघडलं. लिबोला पाहून ती म्हणाली, "आलात एकदाचे. ह्यांनी घरात जीव नकोसा केलाय. बूट बाहेर काढा, आताच फरशी पुसली आहे."

मोंजी मागच्या अंगणात मिरच्यांच्या कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. लिबो उंबऱ्यावर बसला. काय बोलायचं ते येताना ठरवलं होतं, ते सगळं विसरला.

"मी पाद्रीकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "सी तिजानींकडेही. दोघे म्हणतात माझी चूक नाही. आता तू सांग."

मोंजी पाणी घालत राहिला. कुंडी भरून पाणी बाहेर वाहू लागलं तेव्हा त्याने झारी खाली ठेवली.

"चूक तुझी नाहीच," तो म्हणाला. "तुला काय वाटलं, मी तुझ्यावर रागावलोय?"

"दोन आठवडे माझ्या हातचं खाल्लं नाहीस. मग काय समजू? माझं मीठ बिघडलंय?"

मोंजी त्याच्या शेजारी येऊन बसला.  मग त्याने सांगितलं ते लिबोने कधी मनातही आणलं नव्हतं. त्या रविवारी कप्तानाने घड्याळाची आठवण करून दिली तेव्हा मोंजी तिथेच होता. कार्ड महदियाचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि झाकण वाजलं तेव्हा त्याच्या पोटाने सांगितलं होतं की आज लवकर झालं. इतक्या वर्षांच्या रोज्यांनंतर पोटाला वेळ कळते.

"मला शंका आली होती, लिबो. पण घसा सुकला होता, शोरब्याचा वास येत होता. मी म्हटलं, लिबोने वाजवलंय ना, मग झालं. शंका गिळली आणि वर खजूर खाल्ला. शेदलीचं ठीक आहे, त्याला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू सबंध बोटीला विचारत फिरला असतास."

 घरातून वसीलाचं हसणं ऐकू आलं. ती अर्थातच सगळं ऐकत होती.

मोंजी म्हणाला, पातेल्याकडे गेलो की तो घोट आठवतो. तो दिवस फेडेपर्यंत तुझ्या हातचं खायचं नाही असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. मग वाटलं, तुझं तोंड रोज बघण्यापेक्षा बोटच बदलावी.

"अजून फेडला नाहीस?"

"सावकाश फेडता येतो."

"मग बोटीवर फेड," लिबो म्हणाला. "माझ्या समोर. एक सफर ये. त्यानंतर तुला जिथे जायचं तिथे जा. हवं तर मी पण राहतो उपाशी."

"तू?" मोंजीचे डोळे पहिल्यांदा हसले. "दुपारपर्यंत पातेल्यात पडशील. मग तुला काढून बाकीच्यांना काय वाढायचं?"

मोंजीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण अस्सुंता सुटायच्या दिवशी तो आपली पिशवी घेऊन धक्क्यावर उभा होता. 

मे महिना होता. दिवस लांब, समुद्र तेलासारखा शांत. सफरीच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मोंजीने कॉफीला नको म्हटलं, आणि लिबो समजला. त्याने शेदलीला बजावलं की अम्म मोंजीसमोर आज सिगरेट ओढायची नाही. शेदलीने आपला दिवस ईदनंतर लगेच घरी उरकून टाकला होता. तो म्हणाला, बरं झालं बाबा, मी सुटलो. मात्साराच्या खलाशांनी दुपारी आत बसून, आवाज न करता जेवण उरकलं. लिबोने कुणाला न सांगता स्वतःचं ताट वाढलंच नाही. दुपारी त्याचं डोकं ठणकू लागलं. ऊन चढलं तसा पाण्याचा पिंप त्याला कधी नव्हे तो इतका जवळ वाटू लागला. त्याला भारी कुतूहल वाटत होतं. भूक जितकी लागेल असं वाटलं होतं तितकी लागली नव्हती, तहान मात्र घशात ठाण मांडून बसली होती. हे त्याने इतक्या वर्षांत मोंजीला कधी विचारलंच नव्हतं, की दोहोंत जड कोणती?

संध्याकाळी मोंजी हात धुऊन चुलीपाशी आला आणि आपल्या जुन्या जागी टेकला. पश्चिमेला ढगाचा ठिपका नव्हता. सूर्य पाण्याला लागला, चपटा झाला, बुडाला.

"वाजव," मोंजी म्हणाला.

लिबोने पळी उचलली आणि तशीच धरून राहिला. त्याने दारातून बाहेर पाहिलं. नाळेवर जाऊन पाहिलं. परत आला. कप्तानाला विचारलं, बुडाला ना? कप्तान म्हणाला, बुडाला. शेदलीला विचारलं. शेदली म्हणाला, "केव्हाच बुडाला, झु लिबो." तरी त्याची पळी काही खाली येईना. पश्चिमेची तांबूस कड निवली. एक चांदणी दिसली. दारात जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"लिबो," मोंजी म्हणाला, "मला एकच दिवस फेडायचाय. उद्याचा नव्हे."

मग लिबोने झाकण वाजवलं. एकदाच, तेही हळू. पण विंच बंद होता आणि सगळे तिथेच उभे होते.

मोंजीने खजूर खाल्ला, पाणी प्यायला आणि वाडगा पुढे केला. लिबोने वाढलं. मोंजीने पहिला घोट घेतला, क्षणभर थांबला, मग दुसरा घेतला. बाकीच्यांनी वाडगे तोंडाला लावले आणि एकेकाचा चेहरा बदलू लागला. शेदलीला ठसका लागला.

"हे काय, समुद्र ओतलास का यात?" कप्तान ओरडला.

मोंजी मात्र लिबोकडे रोखून बघत होता.

"तू चाखलं नाहीस," तो म्हणाला.

 लिबो दोन्ही हातांनी पाण्याचा लोटा धरून पीत होता. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळत होतं.

मोंजीने खिशातून एक खजूर काढून त्याच्या पुढ्यात ठेवला, आपल्या वाडग्यात पिंपातलं पाणी ओतून शोरबा सौम्य केला आणि तो संपवला. मग वाडगा पुन्हा पुढे केला. लिबोने लोटा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि विचारायला तोंड उघडलं.

"आधी खा," मोंजी म्हणाला. "सफर मोठी आहे."